दुपारचा झरा

५ जून १९७८, सोमवार

कालव्याच्या कचेरीतल्या देलानुआ साहेबांनी आज दोन वह्या दिल्या. एकीत मी रोजच्या नोंदी करायच्या: किती नावा आल्या, हौद भरायला किती मिनिटं लागली, दरवाजा कुठे ठिबकतो. दुसरी जादा, "पहिली भरली तर असू दे" म्हणून. कोरी वही घरात नुसती पडलेली मला बघवत नाही, म्हणून ही माझी. नवरा, आन्सेल्म, ती वाचेल अशी भीती नाही. त्याला चष्मा सापडत नाही, आणि सापडला तरी वर्तमानपत्रातल्या हवामानापलीकडे त्याची मजल जात नाही.

साहेब चाळिशीचे, उत्तरेकडचे, काडीसारखे बारीक. तिकडे भाजीलासुद्धा लोणी घालतात म्हणे, तरी अंगाला काही लागलेलं दिसत नाही. बसायला खुर्ची दिली तर उभ्यानेच बोलले. बोलले ते काही बरं नाही.

सरकारी कागदात आमच्या हौदाला जलपाश म्हणतात. इथे पेशमोरेल गावात सगळे हौदच म्हणतात. दोन टोकांना दरवाजे, मध्ये दगडी भिंती. पाणी आत घेतलं की नाव वर चढते, सोडलं की उतरते, तीनशे वर्षं हेच चाललंय. फक्त आमच्या भिंती सरळ नाहीत, दोन्ही अंगांना पोट सुटलेल्या आहेत. पुलावरून बघणाऱ्याला वाटतं, गवंडी पिऊन कामावर आला होता.

कचेरीला आता हा हौद लांब आणि सरळ हवाय, काँक्रीटचा, अडतीस मीटरच्या नावा मावतील असा. पण राजधानीत जुन्या गोष्टी जपणारी काही मंडळी आहेत, ती अडून बसली आहेत. तेव्हा असं ठरलं की देलानुआ साहेबांनी उन्हाळाभर तपासायचं. भिंती धड निघाल्या तर फक्त दरवाजे बदलायचे. भिंती गळक्या निघाल्या तर सगळं फोडायचं. आणि आमचं घर हौदाच्या खांद्यावरच बांधलेलं आहे, तेव्हा तेही गेलं.

"आम्हाला कुठे ठेवणार?" मी विचारलं.

"कार्कासोनला फ्लॅट मिळेल, मादाम. तिसरा मजला. लिफ्ट आहे."

आन्सेल्म म्हणाला, "लिफ्ट मीच चालवायची का?" साहेब हसले नाहीत.

१२ जून, सोमवार

सकाळपासून अकरा नावा. त्यांतल्या आठ इंग्रजांच्या, भाड्याच्या. द्राक्षारसाची पिंपं नेणारे जुने नावाडी डोळे मिटून हौदात शिरायचे. इंग्रज डोळे फाडून शिरतात आणि तरी भिंतीला धडकतात. मग सॉरी म्हणतात. भिंतीला म्हणतात की मला, ते अजून कळलेलं नाही.

साहेबांनी आज बाग पाहिली आणि विचारलं, या उन्हात इतके टोमॅटो कसे? तेव्हा त्यांना झऱ्याची गोष्ट सांगितली. इथेही लिहून ठेवते, कारण ती सांगायला मला कधी कंटाळा येत नाही.

मी वरच्या डोंगरातली. आमच्याकडे पाणी गाढवाच्या पाठीवरून यायचं. एक्कावन्न साली लग्न होऊन इथे आले तेव्हा वाटलं, आता काय, दारात कालवा! पण कालव्यातलं थेंबभर पाणी बागेला घेतलेलं चालत नाही, हौदवाल्याला तर मुळीच नाही. नोकरी जाते. पहिल्याच ऑगस्टात माझा घेवडा उभ्याउभ्या वाळला आणि मी पायरीवर बसून रडले. बोलणं आन्सेल्मच्या स्वभावातच नाही. तीन आठवड्यांनी त्याने मला हाक मारली, "लेओन्तीन, ये बघ, झरा लागला." बागेच्या वरच्या कोपऱ्यात त्याने दगडी डोणी मांडली होती आणि तिच्यात मनगटाएवढी धार पडत होती.

आणि झरा असातसा नव्हे. तो फक्त दुपारी वाहतो. एकच्या सुमाराला सुरू, दीडला बंद, सत्तावीस वर्षं घड्याळ लावावं असा. ऊन डोक्यावर आलं की जमीन तापते आणि पाणी वर येतं, असं आन्सेल्मचं म्हणणं. बेकरीवाली सिदोनी चामखिळीवर लावायला बाटली भरून नेते. पाद्रीबाबांनी एकदा त्यावर क्रूस काढला होता.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने हे कठीण आहे."

मी म्हटलं, "टोमॅटो खाऊन बघा, मऊ आहेत."

२० जून, मंगळवार

पहिली चाचणी. रीत साधी आहे: हौद भरायचा, दोन्ही दरवाजे आणि झडपा बंद करायच्या, पाण्यात खुणेची पट्टी उभी करायची आणि तासाभराने बघायचं. हा तास मिळणार कधी, तर साडेबारा ते दीड, जेवणाच्या सुट्टीतच. एरवी नावांची रीघ. सुट्टीत मात्र पोप जरी नावेतून आले तरी त्यांना काठाला दोर बांधून थांबावं लागेल.

हौद भरलेलाच होता. आन्सेल्मचा तो जुना शिरस्ता आहे, जेवायला बसायच्या आधी हौद काठोकाठ भरून ठेवतो. मी नवी नवरी होते तेव्हापासून बघतेय. व्यवस्थित माणूस!

साहेब पट्टीजवळ भाकरीचा तुकडा घेऊन उभे राहणार होते. मी म्हटलं, माझ्या दारात माणूस उभ्याने जेवला तर गाव मला तोंड दाखवू देणार नाही. आले मुकाट्याने. सूप, बदकाचा पाय, कोशिंबीर, चीज. दोनदा घेतलं. मग नेहमीप्रमाणे चीज आणि कॉफीच्या मध्ये आन्सेल्म उठून गेला.

"कुठे गेले?" साहेबांनी विचारलं.

"अवजारांच्या खोलीत. कुदळ बघायला." हे त्याचं रोजचं आहे. परत येतो तोवर कॉफी निवते, मग निवलेली कॉफी तोंड वाकडं करून पितो. सत्तावीस वर्षं सांगतेय, आधी कॉफी पी आणि मग जा. ऐकेल तर शपथ.

दीडला पट्टी पाहिली. पाणी दीड बोट उतरलं होतं.

२२ जून, गुरुवार

आज दरवाज्यांना बाहेरून फळ्या लावल्या, ताडपत्री ओढली, फटींत राख आणि भुसा कोंबला. दरवाज्यांतून आता मुंगीसुद्धा गळणार नाही, असं साहेब म्हणाले. चाचणी, जेवण, चीज, कुदळ, कॉफी.

दीड बोट.

"म्हणजे दरवाजे नव्हेत," साहेब चष्मा पुसत म्हणाले. "भिंत आहे."

आन्सेल्म पट्टीकडे असा बघत उभा होता की जणू तिने त्याला नावाने हाक मारली.

४ जुलै, मंगळवार

आन्सेल्म दाढ काढायला कास्तेलनोदारीला गेला. अख्खा दिवस मी एकटी. एकोणिसाव्या वर्षी जे चाक एका हाताने फिरवायची त्याला आता पोटाने रेटावं लागतं.

साहेबांनी चाचणी केली आणि पाणी केसभरही उतरलं नाही. त्यांनी पट्टी काढून पुसून पाहिली, परत लावली, शेवटी वहीत "नोंद सदोष, पुन्हा करणे" असं लिहिलं. मला विचाराल तर आमची भिंत माझ्या सासूसारखी आहे. मनात असेल त्या दिवशी गोड.

सिदोनी तणतणत आली. झऱ्याला पाणी नाही म्हणे. म्हटलं, तू उशिरा आली असशील. तर म्हणते, "एकपासून बसलेय, बूड शेकून निघालं!" मला बागेकडे फिरकायला वेळच झाला नव्हता. बाईला घड्याळ कळत नाही, दुसरं काय.

५ जुलै, बुधवार

पुन्हा दीड बोट. आन्सेल्मचा गाल सुजलाय, फक्त सूप घेतलं, तरी कुदळ बघायला गेलाच.

१८ जुलै, मंगळवार

साहेबांनी सांगितलं. घराकडच्या भिंतीत पोकळी असावी असा त्यांचा अंदाज आहे. तसाच अहवाल जाणार. अजून आठवडाभर जमिनीत ओल कुठे आहे ते शोधतील आणि ऑगस्टच्या मध्याला निकाल.

माझा तोल गेला. म्हटलं, "साहेब, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला मी काय सांगणार! पण कालवा खणला तेव्हा आधी सरळ भिंतींचेच हौद बांधायला घेतले होते, असं इकडे वंशपरंपरेने सांगतात. एक भिंत मागच्या मातीच्या भाराने आत कोसळली. तेव्हा गवंड्यांनी डोकं चालवलं आणि भिंतीला पोट दिलं. कमान उभी असते ना पुलाची, तीच आडवी घातली. माती जितकी रेटेल तितके दगड एकमेकांना घट्ट धरतात. तीनशे वर्षं धरून आहेत. आणि तुम्ही आता परत सरळ करणार?"

"मला ठाऊक आहे, मादाम," ते हळूच म्हणाले. "असलं सुंदर काम मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. मला हा हौद पाडायचा नाहीये. पण पट्टी खोटं बोलत नाही."

तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची दया आली. आन्सेल्मच्या हातून ताटली पडून फुटली. लग्नातली होती. तुकडे मीच वेचले, कारण त्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

१९ जुलै, बुधवार

झरा आला नाही.

एक वाजला, सव्वा वाजला, दीड वाजला. डोणी कोरडी. सत्तावीस वर्षांत मी स्वतः बघताना असं कधीच झालं नाही. मी डोणीच्या काठावर बसले आणि मला आवरेना. आधी हौद, मग घर, आता झरा. सगळी एकदम आपापलं बोचकं बांधून निघाल्यासारखी. आन्सेल्म मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "रडू नको. ऐक ना लेओन्तीन, उद्या येईल."

"तुला काय माहीत?"

"येईल," तो म्हणाला. आज तो कुदळ बघायलाही गेला नव्हता, मला वाटतं धसकाच घेतला असावा. आज चाचणीही नव्हती. साहेब कचेरीत गेले होते.

२० जुलै, गुरुवार

आला! एकला पाच कमी असताना, नेहमीपेक्षाही जोरात. मी आन्सेल्मच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, दाढ गेलेल्याचाही. तो मात्र असा उभा होता की जणू चोरी करताना धरलाय. लाजरा आहे पहिल्यापासून.

२४ जुलै, सोमवार

हे कोणाला सांगू? वहीलाच सांगते.

साडेबाराला एक इंग्रजांची नाव हौदातच अडकली, वर चढली पण सुट्टी झाली म्हणून तिथेच राहिली. त्यांची बाई बाहेर येऊन ताटल्या धुवायला लागली आणि साबणाचं पाणी हौदात ओतलं. मी खिडकीतून दोन शब्द सुनावले, तिने हात हलवून शुभेच्छा दिल्या. मग सव्वाला मी भोपळी मिरच्या काढायला बागेत गेले, तर झऱ्याला फेस.

पांढरा, लिंबाच्या वासाचा फेस.

मी मूर्ख नाही. तो झरा नाही. ते हौदाचं पाणी आहे. भिंतीतून झिरपत झिरपत जमिनीखालून इथे येतं. दुपारी हौद भरलेला असतो म्हणून दुपारी येतं! साहेबांना जी ओल हवी आहे ती माझ्या बागेत दगडी डोणीत पडतेय, सिदोनी ती बाटलीत भरून नेतेय, आणि मी स्वतः त्यांना गोष्ट रंगवून सांगितली.

आन्सेल्मला कळता कामा नये. बायकोसाठी झरा शोधला, एवढी एकच बढाई आहे त्याच्या आयुष्यात, आणि तीही तो मारत नाही, मीच मारते. तो झरा म्हणजे फुटकी भिंत आहे, हे मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

डोणीवर पोती घातली आणि पोत्यांवर खरबुजाचे वेल ओढले.

२५ जुलै, मंगळवार

साहेब ओल शोधायला आले. हातात लोखंडी सळई, ती जमिनीत खुपसतात आणि बाहेर काढून हुंगतात. घराच्या मागे वळून बागेकडे निघाले तशी मी आडवी गेले.

"आधी जेवून घ्या."

"अकरा वाजलेत, मादाम."

"आज कासुले केलंय."

जुलैच्या उन्हात कासुले! पांढरा घेवडा, बदक, डुकराची सॉसेजं, सात तास मंद आचेवर. काल संध्याकाळीच भिजत घातलं होतं. माणूस ते खाऊन उठू शकत नाही, हाच हेतू होता. आणि गंमत म्हणजे आन्सेल्म माझ्यापेक्षा उतावीळ. साहेबांच्या दंडाला धरून त्याने आत नेलं. "घ्या साहेब. अजून घ्या. तळाचं खरपूस घ्या." एरवी तळाचं खरपूस तो जन्मदात्या आईला देत नसे. माझ्या मनातलं त्याला कसं कळलं, देव जाणे. सत्तावीस वर्षांच्या सहवासाचा परिणाम, दुसरं काय.

साहेब तीनपर्यंत चिनाराखाली आडवे होते. सळई गवतात पडलेली.

२ ऑगस्ट, बुधवार

झोप नाही, जेवण जात नाही. साहेब चांगले आहेत, त्यांना फसवायचं माझ्या जिवावर येतं. आज संध्याकाळी आम्ही दोघं हौदाचा दरवाजा ढकलायच्या लांब दांड्यावर बसलो होतो, नेहमीच्या जागी, तो वरच्या अंगाला, मी खालच्या. आम्हाला मूलबाळ नाही. संध्याकाळी शेजारी बसायला हा दांडा आहे, तोच आमचा सगळा पसारा. मी सहजच विचारल्यासारखं विचारलं.

"आन्सेल्म, समज, झरा गेला तर?"

तो दचकला. "का जाईल?"

"समज म्हटलं ना. झरा की हौद, एकच ठेवायचा झाला तर?"

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "झरा तुझा आहे. तू सांग."

"हौद," मी म्हटलं. "झरा मला फार आवडतो. मी त्याच्यावर जीव टाकते. पण टोमॅटो बाजारातही मिळतील. हा हौद कुठे मिळणार? आणि तो गेला तर तू लिफ्टमध्ये मरशील."

"खरंच सांगतेस? नंतर रडशील."

"रडेन की. रडले तर काय होतं? तू येऊन मागे उभा राहशील."

त्याने माझा हात धरला. पुलावरून टपालवाला सायकलने जात होता, त्याने घंटी वाजवली, तरी सोडला नाही. मला वाटलं होतं हे बोलून मन हलकं होईल. झालं त्याचंच. रात्री घोरत होता.

३ ऑगस्ट, गुरुवार

आन्सेल्मच्या डोक्यात काय शिरलंय कळत नाही. सकाळीच सिदोनीच्या नवऱ्याकडून पिंपाचं एक मोठं लाकडी बूच आणलं. आमच्याकडे द्राक्षारसाचं पिंप नाही. मग हौद रिकामा करून शिडी लावली आणि घराकडच्या भिंतीवरचा नेच्याचा झुपका कापायला उतरला. त्या नेच्याला सत्तावीस वर्षं त्याने मला हात लावू दिला नव्हता. "असू दे, छान दिसतो," म्हणायचा. आज स्वतः विळा घेऊन!

तेवढ्यात साहेब आले. आन्सेल्म शिडीवरून त्यांच्याशी बोलायला लागला. आन्सेल्म आणि बोलणं! चांगली पंधरा मिनिटं. मग साहेबही शिडी उतरले, बूट घालूनच. मी वरच्या दरवाज्याशी चाक धरून होते, काही ऐकू आलं नाही. मग दोघं अवजारांच्या खोलीत गेले आणि आतून असा आवाज आला की वाटलं, कोणाला तरी ठसका लागलाय.

पाणी घेऊन धावले. साहेब फळीवर बसले होते, चष्मा हातात, डोळ्यांतून धारा. हसत होते. गेल्या दोन महिन्यांत मी त्यांचे दात पाहिले नव्हते.

"काय झालं?"

"मादाम," ते म्हणाले, "वीस वर्षं गळत्या शोधतोय. पण जेवणाच्या सुट्टीत गळणारी आणि दाढ काढायच्या दिवशी बंद राहणारी गळती आज पहिल्यांदा भेटली."

"म्हणजे सापडली?"

आन्सेल्म बुटांकडे बघत होता. साहेब त्याच्याकडे बघून म्हणाले, "भिंतीत एक जुनी जागा होती. गवंड्यांच्या नंतरची. तुमच्या यजमानांनी बुजवली."

मला म्हणायचं होतं, मग आधी का नाही बुजवलीस रे बाबा? पण साहेबांसमोर नवऱ्याला बोलणं बरं दिसत नाही.

८ ऑगस्ट, मंगळवार

शनिवार, सोमवार, आज. तीन दुपारी चाचणी झाली. फळ्या, ताडपत्री, राख, सगळं जागेवर. तिन्ही दिवस साहेब जेवले नाहीत, पट्टीजवळ उभे राहिले. ते म्हणाले, "ही चूक आपल्याच देशात होऊ शकते. तासभर पाणी मोजायचं, आणि तो तासभर एकही माणूस पाण्याकडे बघत नाही, कारण ताटात चीज आहे."

पाणी केसभर हललं नाही. साहेबांनी पोट सुटलेल्या भिंतीवर थोपटलं, घोड्याच्या मानेवर थोपटतात तसं, आणि वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं: भिंती उत्तम.

मी त्यांना मिठी मारली. हाडं लागली.

झरा गेलाय. गुरुवारपासून थेंब नाही. भिंतीतली जागा बुजली म्हणजे तो जाणारच, हे मला ठाऊक होतं, आणि मीच तसं म्हटलं होतं. तरी दुपारी एक वाजला की पाय तिकडे वळतात. आन्सेल्मला मी काहीच सांगितलं नाही. त्याला वाटू दे, झरा आपल्या मर्जीने आला आणि आपल्या मर्जीने गेला. सिदोनी म्हणते, तिच्या चामखिळी आता परत येतील.

१४ सप्टेंबर, गुरुवार

पत्र आलं. फक्त दरवाजे बदलणार, तेही ओकच्या लाकडाचे, जुन्या मापाचे. भिंतींना हात लावायचा नाही. घरालाही नाही. आमच्या हौदाचं नाव आता जपायच्या यादीत जाणार, बांधणीच्या नकाशासकट. खाली साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय, "कासुलेची आठवण येते. हिवाळ्यात यावं का?" जादा वहीबद्दल काही विचारलेलं नाही. विचारलंच तर भिजली म्हणून सांगेन.

आन्सेल्मला पत्र दोनदा वाचून दाखवलं. तो बाहेर जाऊन दरवाज्याच्या दांड्यावर बसला आणि बराच वेळ आत आला नाही. मी गेले नाही. काही वेळा माणसाला एकट्याने आनंद होऊ द्यावा.

बाग वाळली. टोमॅटोची काठ्यांवर चिरगुटं झाली आहेत, खरबूज संपलं. अंजीर तेवढं तग धरून आहे. वाईट वाटतं, खोटं कशाला लिहू. पण दांड्यावर बसलं की खाली भरलेलं पाणी दिसतं आणि दोन्ही अंगांनी त्याला पोटाशी धरलेली भिंत.

१ ऑक्टोबर, रविवार

आज ससा केला होता, आलुबुखार घालून. सूप, ससा, चीज. चीज संपलं आणि आन्सेल्म उठला. गेले दोन महिने तो सवयीने उठतो, दारापर्यंत जातो, आठवतं आणि परत येऊन बसतो. आज परत आला नाही.

मी कॉफी ओतली. तेवढ्यात पाण्याचा आवाज आला. बागेतून. डोणीचा आवाज मी झोपेतही ओळखीन.

खिडकीशी गेले. आन्सेल्म अंजिराच्या मागे वाकून उभा होता. पायाशी दोन झाऱ्या, पागोळीच्या पिंपातून भरलेल्या. तिसरी हातात. डोणीच्या मागच्या भोकातून तो धार धरत होता, हळूहळू, मनगटाएवढी होईल अशी. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, कंबर धड नाही. मग त्याने झाऱ्या झुडपात सरकवल्या, हात पँटीला पुसले आणि हाक मारली,

"लेओन्तीन, ये बघ. झरा लागला."

तेच शब्द. मी गेले. डोणीत चार बोटं पाणी होतं, हलत होतं. त्याचे दोन्ही बूट भिजलेले.

"परत आला," मी म्हटलं.

"थोडासाच. म्हातारा झालाय."

"कोण? झरा?"

"झराच."

आम्ही तिथे बसलो, पाणी स्थिर होईपर्यंत. मग तो हौदाचं बघायला गेला आणि मी आत येऊन ही वही पहिल्या पानापासून वाचली. हौद काठोकाठ. चीज आणि कॉफीच्या मध्ये. कुदळ. दाढ. नेचा. बूच. माझ्याच अक्षरात. मी म्हणे मूर्ख नाही! आधी एवढं हसू आलं की पोट दुखलं. मग हसता हसता रडले, आणि ते रडणं एक्कावन्न सालच्या पायरीवरच्या रडण्यासारखं नव्हतं. कुदळीच्या नावाखाली हौदाचं पाणी माझ्या डोणीत सोडत होता, नोकरी गेली असती याची. सत्तावीस वर्षं, रोज, एका घेवड्याच्या वेलासाठी, आणि शेवटी तोही झरा स्वतःच्या हाताने बुजवला, मी हौद म्हटलं म्हणून.

त्याला काही सांगणार नाही. सिदोनीला तर नाहीच.

तो हौदावरून परत आला तेव्हा त्याची कॉफी निवली होती. तो ती तोंड वाकडं करून प्यायला. उद्यापासून कॉफी दहा मिनिटं उशिरा चढवायची.